ड्यूररचा गेंडा

जुनें चित्र पुढें आलें म्हणजे आपण बहुधा एकच प्रश्न विचारतों : तें हुबेहूब आहे कीं नाहीं ? आल्ब्रेख्त ड्यूरर या जर्मन चित्रकाराचा १५१५ सालचा काष्ठमुद्रित गेंडा या कसोटीस तत्काळ नापास होतो. अंगावर चिलखताचे पत्रे, पायांवर खवले आणि मानेमागें पाठीवर एक लहानसें पिळाचें शिंग ! तथापि युरोपांत दोन शतकांहून अधिक काळ गेंडा म्हणजे हाच, अशी समजूत होती. ती कां, हें पाहणें आम्हांस अधिक अगत्याचें वाटतें.

हा गेंडा मूळचा आपल्याकडचा. अल्बुकर्कला दीव येथें किल्ला बांधण्याची परवानगी हवी होती. गुजराथचा सुलतान दुसरा मुजफ्फरशहा यानें ती न देतां हें जनावर नजर केलें. १५१५ च्या जानेवारींत गेंडा गोव्याहून निघाला व २० मे रोजीं लिस्बनला उतरला. न्यूरेंबर्गच्या ड्यूररनें तो कधींच पाहिला नाहीं. लिस्बनहून आलेलें वर्णन व एक रेखाचित्र, एवढ्यावरच त्याची सारी भिस्त !

लांकडी ठशांत जी रेघ छापावयाची ती उंच ठेवून भोंवतालचें लांकूड कोरून काढतात. शाई एक तर लागते किंवा लागत नाहीं. करडी छटा अशी उमटत नाहीं. म्हणून कातडीवरील गांठी येथें रेखीव वर्तुळांची नक्षी झाल्या. परंतु सारा दोष कोरणीच्या माथीं मारतां येणार नाहीं. ठशापूर्वीचें ड्यूररचें शाईचें रेखाचित्र ब्रिटिश म्युझियममध्यें आहे. पाठीवरचें शिंग त्यांतही आहेच. चूक कल्पनेची, लांकडानें ती पक्की केली. न्यूरेंबर्ग चिलखतें घडविणाऱ्यांचें शहर. हिंदी गेंड्याच्या कातडीस खरोखरच मोठाल्या घड्या असतात. तेथील डोळ्यांस त्या पोलादी पत्र्यांसारख्या दिसल्या असाव्या. शिवाय गेंडा हा हत्तीचा हाडवैरी, हें प्लिनीचें मत विद्वानांस ठाऊक होतेंच. अशा योद्ध्यास चिलखतच शोभतें!

आणखी एक गोष्ट. लांकडी ठसा व शिशाचे खिळे एका उंचीचे असल्यानें एकाच दाबांत छापतां येतात. म्हणून चित्राच्या माथ्यावर मजकूर आला, आणि छापील अक्षरांनीं चित्रास साक्षीपत्राचें बळ दिलें. हान्स बुर्गमायर यानेंही त्याच वर्षीं गेंडा काढला. तो अधिक खरा, पुढच्या पायांस दोर बांधलेला. त्याची आज एकच प्रत उरली आहे. उलट ड्यूररचा ठसा चिरला, किडीनें पोखरला, तरी शंभर वर्षांनंतरही छापला जात होता. ग्रंथकारांनीं त्याच्याच नकला उचलल्या.

आणि त्या जिवंत जनावराचें काय झालें ? पोर्तुगालच्या राजानें तें पोपला नजर म्हणून पाठविलें. १५१६ च्या आरंभीं इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालें. गेंड्यास पोहतां येतें. परंतु पायांत साखळदंड होता. ड्यूररच्या चित्रांत चिलखत आहे, बंधन नाहीं. त्याच्या दास्याची साक्ष देणारा दोर त्या दुसऱ्या, एकुलत्या एका प्रतींत मात्र राहिला आहे.