शंभराचे दहा, दहाचे वीस

ठाण्यात नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव निघाले की रविवारच्या सुटीची आठवण हमखास निघते. लोखंडे ठाण्याचेच, जन्म १८४८चा, घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचे. ते पाच वर्षांचे असताना बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली. पुढे रेल्वेत आणि टपालखात्यात नोकरी करून ते मुंबईच्या मांडवी गिरणीत स्टोअरकीपर झाले आणि १८८० पासून ‘दीनबंधु’ चालवू लागले. सुटीची कथा पुष्कळांनी सांगितली आहे. मी ती वाचत असताना त्या काळच्या कायद्यातल्या एका आकड्यापाशी अडलो. तो आकडा शंभराचा.

हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा १८८१चा. यंत्रशक्तीवर चालणारी, वर्षात चार महिन्यांहून अधिक चालणारी आणि शंभर किंवा त्याहून अधिक माणसे असलेली जागाच त्याच्या लेखी कारखाना होती. नव्याण्णव माणसे असली तर कायद्याने तिकडे बघायचेच नाही. चहा, कॉफी आणि निळीचे मळे आधीच वगळलेले. कारण सांगायला नकोच, मळेवाले बहुतेक गोरे होते. गिरण्यांवर बंधने यावीत यासाठी विलायतेतल्या लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनी आरडाओरडा केला तो मुंबईच्या स्वस्त सुताच्या धास्तीने. पण म्हणून इथल्या मुलांचे हाल खोटे ठरत नाहीत. सोराबजी शापुरजी बंगाली यांनी १८७८ मध्येच मुंबईत असा मसुदा तयार केला होता आणि त्यांना लँकेशायरशी काही देणेघेणे नव्हते.

कायद्याने दिले ते एवढेच. सात वर्षांखालच्या मुलाला कामावर घ्यायचे नाही. सात ते बारा वयाच्या मुलाकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचे नाही, त्याला महिन्यात चार सुट्या द्यायच्या आणि धोकादायक यंत्राभोवती कुंपण घालायचे. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल एक अक्षर नाही. आणि हे तरी बघणार कोण? स्वतंत्र निरीक्षक नेमला नसेल तिथे जिल्हा मॅजिस्ट्रेटच निरीक्षक. सारा, दंगेधोपे, दुष्काळ, पटकी हे सगळे उरकून साहेबाने गिरणीतल्या पोरांची वये तपासायची! जन्माचा दाखला कुणाकडेच नसे. डॉक्टर दात बघून आणि अंगाची चण बघून वय ठरवी. बैलबाजारात याहून वेगळे काय होते?

१८८४ मध्ये मुंबईत चौकशी आयोग बसला, तेव्हा लोखंड्यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातल्या मागण्या मुद्दाम बघाव्यात. रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, काम करताना जखमी झाल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार. कायद्याने फक्त पोरे पाहिली होती, या अर्जाने पोरांचे बाप आणि आया दाखवल्या. सुटी मिळायला मात्र १० जून १८९० उजाडावा लागला आणि ती दिली गिरणीमालकांच्या संघाने. १८९१च्या कायद्यात आठवड्याची सुटी आली, बायकांना अकरा तासांची मर्यादा आली, आणि शंभराचे पन्नास झाले.

सूर्यास्ताची मागणी आज वाचताना थोडी भाबडी वाटेल, पण तिच्यात हिशेब होता. गिरणीत दिवा नव्हता तोवर अंधार हाच कामगाराचा निरीक्षक होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. १९०५ मध्ये मुंबईचे कामगार त्याविरुद्ध रस्त्यावर आले. कापडगिरण्यांतल्या पुरुषांना बारा तासांची मर्यादा १९११च्या कायद्याने घातली.

आकडा मात्र उतरत राहिला. १९२२ साली तो वीस झाला. १९४८च्या कायद्याने यंत्रशक्ती असेल तिथे दहा आणि नसेल तिथे वीस केला. कामाचे तास दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस झाले. लोखंडे १८९७ मध्येच प्लेगात गेले होते.

हा आकडा धोक्याचे माप असावा अशी माझी बरेच दिवस समजूत होती. तसा तो नाही. मागावरून उडालेला धोटा खोलीत नऊ माणसे आहेत की नव्वद, हे मोजत नाही. निरीक्षक थोडे, जागा फार, म्हणून कुठे जायचे नाही याची ती यादी आहे. १९४८च्या कायद्यात कलम ८५ होते. माणसे कितीही कमी असली तरी राज्य सरकारला एखाद्या जागेला हा कायदा लावता येत असे. म्हणजे कायदा करणाऱ्यांना ही पळवाट दिसली होती.

ठाणे जिल्ह्यात तिचा अर्थ भिवंडीत कळतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि गिरण्यांतले विणकाम जे भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळले ते परतलेच नाही. गिरणीच्या एका खात्यात जेवढे माग असत, तेवढे इथे गल्लीभर विखुरलेले. पाळी बारा तासांची, मजुरी मीटरवर, आणि हजेरीपट सापडला तर नशीब. २०१५ मध्ये महाराष्ट्राने दहाचा आकडा पुन्हा वीस केला. २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या संहितेतही वीसच आहे. १९२२ सालीही वीसच होता.

काही वर्षांपूर्वी मी भिवंडीत एका यंत्रमागवाल्याकडे बसलो होतो. मागांच्या खडखडाटात बोलणे ऐकू येईना, म्हणून आम्ही बाहेर ओट्यावर आलो. मोठी शेड, मधोमध विटांची भिंत, दोन दरवाजे, दोन वीजमीटर. एक बाजू त्याच्या नावावर, दुसरी भावाच्या. भिंतीला आत एक दार होते आणि कांड्या भरणारा पोरगा टोपली घेऊन त्यातून इकडून तिकडे जात होता. भाऊ कुठे असतो, असे मी विचारले. तो म्हणाला, “गावी. शेती बघतो.” चहा आला तेव्हा त्याने आतल्या माणसाला हाक मारून सांगितले, “साहेबांना आपला कारखाना दाखव.”