जोन्स आयलंड : गाळातील पाण्याशी एक शतक

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील मिलवॉकी हे बिअर, कातडी आणि मांसाच्या कारखान्यांचे शहर होते. 1910 मध्ये लोकसंख्या पावणेचार लाखांच्या घरात पोचली होती. सारे मैलापाणी नद्यांतून मिशिगन सरोवरात जाई आणि पिण्याचे पाणीही त्याच सरोवरातून उचलले जाई. विषमज्वराने माणसे दगावत होती. अखेर 1913 मध्ये विस्कॉन्सिन राज्याच्या कायद्याने शहरासाठी मलनिस्सारण आयोग नेमला गेला. आजच्या मिलवॉकी मेट्रोपॉलिटन सुअरेज डिस्ट्रिक्टची मुळे या आयोगात आहेत.

आयोगाचे मुख्य अभियंता टी. चॉकली हॅटन यांनी मोठे धाडस केले. 1914 मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टर येथे आर्डर्न आणि लॉकेट यांनी ‘ॲक्टिव्हेटेड स्लज’ पद्धत जगापुढे मांडली. मैलापाण्यात हवा खेळवायची, त्यातील जंतूंना वाढू द्यायचे आणि खाली बसणारा जिवंत गाळ पुन्हा वापरायचा, अशी ही पद्धत. हॅटन यांनी 1915 मध्येच तिचे प्रयोग सुरू केले. प्रकल्पासाठी जागा ठरली जोन्स आयलंडची. तेथे काशुबियन आणि जर्मन कोळ्यांची जुनी वस्ती होती. बंदर आणि हा प्रकल्प उभा राहताना ती हळूहळू उठली. त्या कुटुंबांनी या वाटचालीत मोजलेली किंमत नोंदवलीच पाहिजे.

प्रयोगांत पाणी स्वच्छ होई. खरी अडचण गाळाची होती. त्याच्या शंभर भागांत जवळपास नव्व्याण्णव भाग पाणी असते, आणि ते जंतूंच्या पुंजक्यांत असे अडकून बसते की नुसते निथळू दिल्याने सुटत नाही. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे 2,260 किलोज्यूल उष्णता लागते. म्हणून गाळ वाळवण्याच्या भट्टीपर्यंत पोचण्याआधी जितके पाणी निघेल तितकी बचत. एक टन कोरड्या मालासोबत सुरुवातीला 99 टन पाणी असते. घन भाग 15 टक्क्यांवर नेला की ते पावणेसहा टनांपर्यंत उतरते. 20 टक्क्यांवर नेला तर चारच टन उरते. या पाच टक्क्यांसाठी जोन्स आयलंडवर पिढ्यान्‌पिढ्या कष्ट झाले.

आयोगाने दाबयंत्रेही तपासली, पण शेवटी फिरत्या ढोलाचे व्हॅक्यूम फिल्टर स्वीकारले. कापडाने मढवलेला मोठा ढोल गाळाच्या हौदात अर्धवट बुडून संथ फिरे. आतून हवा ओढली जाई, तसे पाणी कापडातून आत जाई आणि वर ओलसर तपकिरी थर राही. तो पात्याने खरवडून काढत. हिवाळ्यात गाळ थंड झाला की कापड बुजे आणि काम अडे. कातड्याच्या रसायनशास्त्रात नाव असलेले जॉन आर्थर विल्सन यांची मदत येथे मोलाची ठरली. गाळाची आम्लता आणि त्याचे गाळले जाणे यांचा संबंध त्यांच्या अभ्यासाने स्पष्ट झाला. पुढे फेरिक क्लोराइड घालून गाळ फिल्टरसाठी तयार करण्याची रीत रुळली. कातडी कमावण्याच्या शहराने आपले शास्त्र मैल्याच्या कामी लावले, ही या इतिहासातील फार मोलाची गोष्ट आहे.

1925 मध्ये प्रकल्प सुरू झाला. दिवसाला सुमारे 32 कोटी लिटर मैलापाण्यासाठी तो बांधला होता. या पद्धतीने चालणारा इतका मोठा प्रकल्प तोवर कोठेही नव्हता. वाळवलेल्या गाळाचे काय करायचे, हे आयोगाने आधीच शोधायला घेतले होते. विस्कॉन्सिन विद्यापीठात ओ. जे. नोअर यांनी त्यातील नायट्रोजनचा उपयोग तपासला, तेव्हा गोल्फची हिरवळ हे त्याचे उत्तम गिऱ्हाईक ठरले. 1926 पासून तो ‘मिलोर्गनाइट’ या नावाने विकला जाऊ लागला.

संकटे थांबली नाहीत. ॲक्टिव्हेटेड स्लज पद्धतीचे पेटंट असलेल्या कंपनीने तिच्या वापरावरून दावा लावला. 1934 मध्ये अपील न्यायालयाने पेटंटभंग मान्य केला. तरीही प्रकल्प बंद ठेवण्याचा आदेश दिला नाही, कारण तसे केल्यास शहराचे मैलापाणी पुन्हा सरोवरात गेले असते. पुढे मैलापाण्याच्या ओसंडण्यावरून इलिनॉय राज्याने शहराला न्यायालयात खेचले. त्यानंतर 1977 पासून प्रदूषण निर्मूलनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला गेला आणि 1993 मध्ये जादा मैलापाणी साठवणारा खोल बोगदा वापरात आला. कारखान्यांतून येणाऱ्या कॅडमियम या विषारी धातूमुळे एके काळी खताच्या वापरावर मर्यादा होत्या. कारखान्यांना आपल्या दारातच धातू रोखायला लावल्यावर खत सुधारले. 2007 मध्ये खतात पीसीबी ही विषारी रसायने आढळली, तेव्हा मेट्रोपॉलिटन सुअरेज डिस्ट्रिक्ट या संस्थेने वाटप थांबवले. आज पीएफएएस या सहजी नष्ट न होणाऱ्या रसायनांचा प्रश्न समोर आहे, आणि त्यावर उपाय घरोघरच्या आणि कारखान्यांच्या वापरापाशीच सुरू करावा लागेल.

1974 मध्ये अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सने हा प्रकल्प राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा म्हणून गौरवला. 1990 च्या दशकात व्हॅक्यूम फिल्टरची जागा बेल्ट प्रेसनी घेतली. आता पॉलिमर मिसळलेला गाळ दोन पट्ट्यांमध्ये दाबून पिळला जातो आणि मग सुमारे 480 ते 650 अंश सेल्सिअस तापलेल्या फिरत्या ड्रायरमध्ये जातो. संस्थेच्या दुसऱ्या, साउथ शोअर प्रकल्पाचा गाळ नळाने येथे येतो. भट्ट्यांना लागणारी काही उष्णता कचराभूमीतील वायूवर चालणाऱ्या टर्बाइनमधून मिळते.

28 नगरपालिकांतील सुमारे 11 लाख लोकांचे मैलापाणी ही संस्था आज हाताळते. ढोलावरचे कामगार, प्रयोगशाळेतील रसायनज्ञ, दर भरणारे नागरिक या सर्वांच्या बळावर 1926 पासून आजवर 40 लाख टनांहून अधिक मिलोर्गनाइट विकले गेले आहे. या विक्रीतून गाळ वाळवण्याच्या खर्चाचा काही भाग निघतो. उरलेला भार या नगरपालिका आणि त्यांचे रहिवासी उचलतात.