प्रौढांची मोटारसायकल-शर्यत : एका नियमाचा इतिहास

चाळिशी उलटलेल्या, मुलाबाळांच्या गृहस्थाने एखाद्या रविवारी जाहीर केले की आपण मोटारसायकलच्या शर्यतीत उतरणार आहोत, आणि तीही डांबरी रस्त्यावरच्या नव्हे, तर चिखल, वाळू, दगडधोंडे व चढउतार यांतून जाणाऱ्या शर्यतीत, तर घरात प्रथम हशा पिकेल आणि मागोमाग चिंता उत्पन्न होईल. हशाचे कारण वय. चिंतेचे कारणही वयच. या वयात नवा खेळ शिकणे हास्यास्पद नव्हे काय, हा एक प्रश्न. आणि तो शिकताना हाडे मोडली तर संसाराचे काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर इतिहास देतो. दुसऱ्याचे उत्तर या खेळाने आपल्या नियमांच्या पुस्तकात शोधले आहे, निदान शोधण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला आहे. हा खेळ जेथे जन्मला व वाढला त्या इंग्लंड-अमेरिकेत आज पन्नाशी-साठीचेच काय, सत्तरीचे लोकही रीतसर नाव नोंदवून शर्यतीत उतरतात. ही जागा त्यांना कोणाच्या कृपेने मिळालेली नाही. ती नियमाने निर्माण केली आहे. तो नियम कसा घडत गेला, ते येथे पाहावयाचे आहे.

या खेळाचा एक उगम इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यातील एका कारखान्यात सापडतो. आल्फ्रेड अँगस स्कॉट हा मोठा कल्पक यंत्रज्ञ. टू-स्ट्रोक इंजिनाची मोटारसायकल बनवून त्याने नाव मिळवले आणि १९०८ साली स्वतःची कंपनी काढली. १९१४ साली त्याने शिप्ली येथील आपल्या कारखान्यातील कामगारांना आव्हान दिले की, कारखान्यापासून निघून डोंगरदऱ्यांतून बर्न्सॉल गावापर्यंत मोटारसायकलने जाऊन दाखवा. चौदा जण निघाले. त्यांपैकी नऊ जण पोहोचले. ही माणसे शर्यतीवर पोट भरणारी नव्हती. आठवडाभर जी गाडी घडवायची तीच एक दिवस रानात नेऊन पाहण्याचा हा उद्योग होता. खुद्द स्कॉट तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर उभा होता. या उपक्रमातूनच पुढे ‘स्कॉट ट्रायल’ ही स्पर्धा रूढ झाली.

‘ट्रायल’ म्हटले की आम्हा वकिलांना खटला आठवतो. येथील ट्रायलही काहीशी तशीच. ओढे, दगडी चढ, घसरड्या उतरणी अशी अवघड ठिकाणे आखलेली असतात आणि तेथे परीक्षक उभे असतात. तोल सावरण्यासाठी स्वाराचा पाय जमिनीला टेकला की त्याच्या नावावर दोष मांडला जातो. स्कॉट ट्रायलमध्ये याच्या जोडीला वेळेचाही हिशेब असे. सर्वांत जलद आलेल्या स्वाराच्या मागे जितकी मिनिटे, तितके दोष. म्हणजे येथे वेग होता, परंतु एकटा वेग पुरेसा नव्हता. संयम, तोल आणि वाट वाचण्याची नजर हे गुण तितकेच मोलाचे होते, आणि हे गुण वयाबरोबर लोपतातच असे नाही. आडवाटेच्या या खेळात प्रौढाला वाव मिळण्याचे पहिले बीज येथे आहे.

दक्षिण इंग्लंडमधील हौशी मंडळींना यॉर्कशरचा हेवा वाटणे स्वाभाविक होते. २९ मार्च १९२४ रोजी सरे परगण्यातील कॅम्बर्ली हीथच्या माळावर त्यांनी आपली ‘सदर्न स्कॉट’ स्पर्धा भरवली. तिच्यातून परीक्षकांची ठिकाणे वगळली होती. उरली ती निव्वळ धाव. परीक्षाच नाही तर तिला ट्रायल कसे म्हणावे, असा वाद निघाला. तेव्हा नाव काहीही द्या, झुंबड तर उडणारच, अशा अर्थाचे कोणीसे बोलले आणि झुंबड या अर्थाचा ‘स्क्रॅम्बल’ हा इंग्रजी शब्द खेळाला चिकटला, असे सांगतात. फ्रेंच भाषिकांनी मोटारसायकल आणि क्रॉस-कंट्री या दोन शब्दांचा संधी करून त्याला ‘मोटोक्रॉस’ म्हटले, आणि तेच नाव अखेर जगभर टिकले.

याच काळात तिसरी एक परंपरा वाढत होती. १९१३ साली इंग्लंडमधील कार्लाइल येथे सहा दिवसांची आंतरराष्ट्रीय कसोटी प्रथम भरली. हिचे वैशिष्ट्य तिच्या पदकांत आहे. सुवर्णपदक फक्त पहिल्या क्रमांकाला, ही इतर खेळांतली रीत येथे नाही. ठरवून दिलेली पातळी जो जो गाठील त्या प्रत्येकाला सुवर्णपदक मिळते. शंभर जणांनी ती गाठली तर शंभरही जण सुवर्णपदकाचे मानकरी. स्वाराची खरी झुंज शेजाऱ्याशी नसून वाटेशी आणि घड्याळाशी आहे, हे तत्त्व या पदकाने मान्य केले.

या कसोटीशी आपल्याकडील एका परिचित वाहनाचा जवळचा संबंध आहे. १९४८ साली ती इटलीतील सान रेमो येथे झाली. विजयी ब्रिटिश संघात रॉयल एनफिल्डच्या ‘बुलेट’ गाड्या होत्या आणि त्यांच्या स्वारांनी सुवर्णपदके मिळवली. मागील चाकालाही शॉक ॲब्सॉर्बर असलेली ही गाडी तेव्हा नवलाची होती. १९५५ पासून मद्रासला तीच बुलेट तयार होऊ लागली. फौजदाराची आणि दूधवाल्याची म्हणून जी गाडी आपण ओळखतो, तिचे पहिले शिक्षण आडवाटेवर झाले आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र खेळाचे रूप पालटले. १९४७ साली हॉलंडमधील वासेनार येथे राष्ट्राराष्ट्रांतील पहिली मोटोक्रॉस झाली व ती ब्रिटनने जिंकली. १९५२ साली युरोपीय अजिंक्यपद आणि १९५७ साली ५०० सी.सी. गटाचे जागतिक अजिंक्यपद सुरू झाले. पहिला जगज्जेता स्वीडनचा बिल निल्सन. आता कारखान्यांनी पगारी स्वार ठेवले. १९६६ साली स्वीडनचा तोर्स्टेन हॉलमन कॅलिफोर्नियात गेला आणि तेथील स्वारांना त्याने युरोपीय मोटोक्रॉस म्हणजे काय ते प्रत्यक्ष दाखवले. १९७२ पासून अमेरिकेत राष्ट्रीय मोटोक्रॉस स्पर्धा सुरू झाल्या. पुढल्याच वर्षी यामाहाने मागील चाकाला एकच लांब शॉक ॲब्सॉर्बर बसवण्याची युक्ती मैदानात आणली आणि त्या गाडीवर हाकन अँडरसन २५० सी.सी.चा जगज्जेता झाला. चाके जितकी अधिक खालीवर होऊ लागली, तितक्या उड्या उंच व लांब होत गेल्या. उंच उडीचे मोल गुडघ्याला आणि मनगटाला द्यावे लागते. अशा रीतीने ज्या खेळात कारखान्यातील साध्या कामगाराला जागा होती, तो विशीतील मल्लांचा खेळ बनू लागला.

प्रौढ स्वार त्यामुळे नाहीसा झाला नाही; तो वाळवंटात भेटत राहिला. चित्रपट-नट स्टीव्ह मॅक्वीन हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. १९६४ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, तो अमेरिकन संघातून पूर्व जर्मनीतील एरफुर्टच्या सहा दिवसांच्या कसोटीत उतरला. ‘द ग्रेट एस्केप’ या चित्रपटातील प्रसिद्ध उडी ज्याने प्रत्यक्षात मारली तो बड एकिन्सही त्याच संघात होता. दोघांनाही स्पर्धा अर्धवट सोडावी लागली. चित्रपटातील कीर्ती दगडाला ठाऊक नसते! मॅक्वीनने तरीही नाद सोडला नाही. चाळिशीत तो कॅलिफोर्नियातील एल्सिनोरच्या शर्यतीत शेकडो हौशी स्वारांबरोबर धावला. ती दृश्ये १९७१ च्या ‘ऑन एनी संडे’ या माहितीपटात आहेत. शर्यतीत नाव नोंदवताना तो हार्वे मशमन असे टोपणनाव घेई. नट म्हणून मिळणारा मान बाजूला ठेवून साधा स्वार म्हणून मोजले जावे, ही इच्छा त्यामागे असावी.

याहून बोधप्रद चरित्र मेरी मॅगी या स्त्रीचे आहे. १९३६ साली अलास्कातील जूनो येथे तिचा जन्म झाला. ती आधी पक्क्या रस्त्यावरच्या शर्यती करी; मॅक्वीनच्या आग्रहाने ती वाळवंटाकडे वळली. १९६७ साली, तिशी गाठलेली असताना, तिने मोटोक्रॉसला आरंभ केला. १९७५ साली मेक्सिकोतील ‘बाहा ५००’ ही पाचशे मैलांच्या नावाची शर्यत तिने एकटीने पुरी केली. इतरत्र दोन दोन स्वार पाळीपाळीने एक गाडी हाकीत असताना ही अडतीस वर्षांची स्त्री एकटी धावत होती. १९७६ नंतर ती शर्यतींपासून दूर झाली. परंतु २००० साली, साठी उलटल्यावर, जुन्या गाड्यांच्या मोटोक्रॉसमध्ये पुन्हा उतरली. २०२४ साली तिचे निधन झाले. साठीनंतर ती ज्या दारातून परत आत आली, ते दार त्या चोवीस वर्षांत नियमांनी उघडून ठेवले होते.

ते दार म्हणजे वर्गवारी. १९८२ पासून टेनेसी राज्यात लोरेटा लिन या गायिकेच्या मळ्यावर अमेरिकेची हौशी राष्ट्रीय मोटोक्रॉस स्पर्धा भरते. तेथे मुलांबरोबरच तिशी, चाळिशी, पन्नाशी पार केलेल्यांचेही स्वतंत्र वर्ग असतात. १९८५ पासून कॅलिफोर्नियातील ग्लेन हेलनच्या मैदानावर केवळ प्रौढांसाठी जागतिक स्पर्धा होऊ लागली. तेथे वयाच्या प्रत्येक वर्गात पुन्हा नवशिका, मध्यम आणि निष्णात असे पोटवर्ग आहेत. हा दुसरा भेद फार महत्त्वाचा आहे. नुसते वय पाहिले तर जन्मभर शर्यती केलेला पन्नाशीचा माजी विजेता आणि पन्नाशीत प्रथम गाडीवर बसलेला गृहस्थ एकाच रांगेत उभे राहतील, आणि ते न्यायाचे होणार नाही. उशिरा आरंभ करणाऱ्याला खरे संरक्षण मिळते ते कौशल्याच्या वर्गाने. त्यातही पळवाट राहू नये म्हणून, जो वारंवार जिंकतो त्याला वरच्या वर्गात पाठवण्याचा प्रघात आहे.

१९८६ साली अमेरिकेत जुन्या मोटारसायकलींच्या शर्यती भरवणारी ‘ऐतिहासिक मोटारसायकल शर्यत संघटना’ उभी राहिली. १९६४ व १९६५ चा जगज्जेता, इंग्लंडचा जेफ स्मिथ, पुढे अनेक वर्षे तिचा कारभार पाहत होता. तिच्या नियमांत जुन्या मोटोक्रॉस गाड्यांचे पुढील चाक सात इंचांहून आणि मागील चाक चार इंचांहून अधिक खालीवर होता कामा नये, असे बंधन आहे. वरवर हा यंत्राचा नियम दिसतो. फलतः तो माणसाच्या हाडांचा नियम आहे. चाकाला मर्यादा घातली की उंच उड्यांचा मोह आपोआप आवरतो, आणि साठीच्या माणसाला झेपेल अशी वाट उरते.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. जो जाणूनबुजून धोका पत्करतो त्याला इजेबद्दल दाद मागता येत नाही, असे एक जुने रोमन न्यायतत्त्व आहे, आणि शर्यतीपूर्वी स्वाराकडून सही घेतली जाते ती याच आधारावर. परंतु संमती खरी ठरावयाची तर धोक्याचे स्वरूप आधी समजले पाहिजे. या खेळात सर्वांत मोठा धोका वेगाचा नाही, वेगांतील तफावतीचा आहे. अरुंद वाटेवर कोणी ताशी पंधरा मैलांनी आणि कोणी चाळीस मैलांनी जात असेल, तर उडीच्या पलीकडे पडलेला मनुष्य मागच्याला दिसतही नाही. वर्गवारीने ही तफावत कमी होते. पिवळे निशाण दिसले की पुढे कोणीतरी पडले आहे, तेथे उडी नाही, कोणाला ओलांडणे नाही. निळे दिसले की मागून वेगवान स्वार येत आहे, आपली वाट एकाएकी बदलू नये. ही निशाणांची भाषा गाडी शिकण्याआधी शिकावी.

मात्र नियम धोका मोजून देतो. तो नाहीसा करीत नाही. गळ्याजवळचे हाड आणि मनगट ही या खेळातील नेहमीची दुखापत, आणि विशीतले हाड जितक्या लवकर सांधते तितके पन्नाशीतले सांधत नाही. म्हणून इतिहासाच्याच क्रमाने चालणे प्रौढाच्या हिताचे. प्रथम ट्रायलची मंद कसोटी, मग लांब पल्ल्याची वाट, आणि मोटोक्रॉस सर्वांत शेवटी. गाडी हलकी व सौम्य घ्यावी. शिरस्त्राण, मानेचे व गुडघ्याचे कवच, गुडघ्याखालपर्यंत येणारे भक्कम बूट यांत काटकसर करू नये. बैठक सोडून पायदाणांवर उभे राहून चालवण्यास शिकावे, म्हणजे वाटेचे धक्के कण्याऐवजी गुडघे झेलतात. आरंभीच्या पहिल्या वळणावर सगळे एकदम घुसतात. तेथे दोन क्षण मागे राहिल्याने अब्रू जात नाही. आणि घरच्यांना सांगून जावे. ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांचीही संमती असावी, हे कायद्यात नसले तरी धर्मात आहे.

आपल्याकडे देवळाच्या उत्सवात हौशी नाटके होतात. दिवसभर दुकानावर बसणारा पन्नाशीचा गृहस्थ त्या रात्री तोंडाला रंग लावून रंगभूमीवर येतो. तो बालगंधर्व नाही हे तो जाणतो, प्रेक्षकही जाणतात. तरी त्याने आपली भूमिका शेवटपर्यंत पार पाडली की मंडप तृप्त होतो. हौशी या शब्दाचा अर्थ अशा वेळी कळतो. शिप्लीहून निघालेल्या त्या चौदा कामगारांत आणि आज ग्लेन हेलनच्या नवशिक्यांच्या रांगेत उभ्या असलेल्या पन्नाशीच्या गृहस्थात हेच नाते आहे. त्याला विशीतल्या मुलाला हरवावयाचे नसते. आपल्या वयाच्या, आपल्याइतक्याच अनुभवाच्या माणसांबरोबर अवघड वाट पुरी करून संध्याकाळी धडपणे घरी परतावयाचे असते. चांगला नियम त्याला तेवढी संधी देतो. पुढचा तोल त्याचा त्याने सांभाळावा.