सज्ञानाचा पालक

सातबाऱ्यावर काही नावांपुढे ‘अ.पा.क.’ ही तीन अक्षरं दिसतात. अज्ञान पालनकर्ता. खातेदार अठरा वर्षांचा झाला की ती कमी करून घेता येतात. पण वयाने सज्ञान झालेल्या माणसाला आजारामुळे किंवा बौद्धिक अपंगत्वामुळे व्यवहार झेपत नसेल, तर? त्याला पालक नेमण्याची रीतही जमीनजुमल्याच्या काळजीतूनच वाढली.

रोममध्ये इसवीसनापूर्वी ४५०च्या सुमारास भ्रमिष्ट माणूस मालमत्तेसकट पितृकुळातल्या भाऊबंदांच्या ताब्यात जाई. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये ही जागा राजाने घेतली. जन्मजात मंदबुद्धी माणसाच्या जमिनीचं उत्पन्न राजाचं. पुढे वेड लागलेल्याची जमीन मात्र राजाने नुसती सांभाळायची आणि तो बरा झाला की परत करायची. निदान काय होतं, त्यावर पीक कुणाच्या घरी जाणार हे ठरे. ते ठरवायला वैद्य नव्हे, पंच बसत. १५३४च्या फिट्झहर्बर्टच्या ग्रंथात त्यांची कसोटी आहे : वीस पेन्स मोजता येतात का? आईबाप कोण? वय किती?

हाच विचार इंग्रजांबरोबर इकडे आला. १८५८ साली लागोपाठ तीन कायदे झाले : ३४ क्रमांकाचा मुंबई, मद्रास, कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टांसाठी, ३५ जिल्हा न्यायालयांसाठी आणि ३६ वेड्यांच्या इस्पितळांसाठी. १९१२च्या कायद्यात मालमत्तेला व्यवस्थापक होता, देहाला पालक होता. ज्याच्यासाठी हे सगळं, त्याचं म्हणणं कुठेच नव्हतं.

ते ऐकू आलं २००९ साली. चंदीगडच्या सरकारी संस्थेतल्या सौम्य बौद्धिक अपंगत्व असलेल्या एका तरुणीला आपलं मूल हवं होतं. तिच्या संमतीवाचून गर्भपात करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने ‘मर्यादित पालक’ आणला : ठरावीक निर्णयापुरता, ठरावीक मुदतीपुरता, आणि त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून तिच्या इच्छेनुसार चालणारा. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तर निदान आणि अधिकार यांची जुनी गाठच सोडवली. मानसिक आजाराचं निदान झालं, एवढ्यावरून माणूस ‘विकल मनाचा’ ठरत नाही; तसं केवळ सक्षम न्यायालयच ठरवू शकतं.

म्हणून सही जाईल या धास्तीने कुणी डॉक्टरकडे जायचं टाळत असेल, तर त्याला या कायद्याच्या कलम ३चं पाचवं पोटकलम वाचून दाखवा.