तेल्या आणि त्याचा भक्षक

चांदवड, देवळा, सटाणा, मालेगाव या डाळिंबाच्या पट्ट्यात 'तेल्या' हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. पानावर, फांदीवर, फळावर तेलाचा थेंब सांडून मुरावा तसा डाग पडतो. पुढे तो काळवंडतो, फळ तडकते आणि बाजारात त्याला कोणी हात लावीत नाही. दिल्लीत १९५२ साली या रोगाची शास्त्रीय नोंद झाली आणि तो 'झँथोमोनास' या गटातील जीवाणूमुळे होतो असे ठरले. महाराष्ट्रात एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याने उभ्या बागा उपटायला लावल्या. शास्त्राने जीवाणूचे लॅटिन नाव एकाहून अधिक वेळा बदलले. शेतकऱ्यांचा शब्द टिकला, कारण तो डोळ्यांनी पाहून ठेवलेला आहे.

या जीवाणूंनाही रोग होतो. त्यांना ग्रासणारे विषाणू असतात. त्यांचे नाव मात्र ते कोणाला दिसण्यापूर्वीच ठेवले गेले. आम्हा भाषेच्या माणसांना या इतिहासात रस वाटतो तो इथे.

इतिहासाचा आरंभ पुष्कळदा आपल्याच देशात दाखवला जातो. चांदवडवरून जाणारा हमरस्ता ज्या आग्र्याला पोचतो, तिथे अर्नेस्ट हँकिन हा इंग्रज जंतुशास्त्रज्ञ सरकारी नोकरीत होता. गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात आणि पाणी उकळले की हा गुण नाहीसा होतो, असे त्याने १८९६ साली लिहिले. त्यामागे विषाणूच होते, हे मात्र आज सर्व अभ्यासक मान्य करीत नाहीत. गंगेच्या माहात्म्याला प्रयोगशाळेचा दाखला मिळाल्याचा आनंद या कथेत अधिक आहे, असे आमचे मत.

इंग्लंडमध्ये ट्वॉर्टने १९१५ साली आणि पॅरिसमध्ये देरेलने १९१७ साली जीवाणू विरघळवणारे, गाळणीतून पार होणारे काहीतरी नोंदवले. ट्वॉर्टने सावधपणे अनेक शक्यता मांडल्या. देरेलने थेट नाव दिले, 'बॅक्टेरियोफाज', म्हणजे जीवाणू खाणारा. मराठीत त्याचा 'जीवाणुभक्षक' झाला. प्रत्यक्षात हा विषाणू काही खात नाही. तो जीवाणूच्या अंगावर चिकटतो, आपले जनुकद्रव्य आत सोडतो, जीवाणूच्याच सामग्रीतून स्वतःच्या प्रती घडवून घेतो आणि शेवटी त्याला फोडून बाहेर पडतो. काही तर आतच निमूट वस्ती करून राहतात. भक्षक म्हटले की दिलेले सगळे फस्त करील अशी अपेक्षा निर्माण होते. हे भरमसाट आश्वासन नावातच दडलेले होते.

वनस्पतींच्या बाबतीत पहिले प्रयोग फार लवकर झाले, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. कुजलेल्या कोबीचा गाळलेला रस कोबीचाच रोगजंतू रोखतो, असे अमेरिकेत १९२४ साली मालमन आणि हेमस्ट्रीट यांनी दाखवले. पाठोपाठ कून्स आणि कोटिला यांनी गाजर-बटाट्याची कुज अशीच थांबवली. १९३५ साली थॉमसने मक्याच्या बियाण्यावर फाजांची प्रक्रिया केली, तेव्हा मर रोगाचे प्रमाण १८ टक्क्यांवरून १.४ टक्क्यांवर आले. एवढे होऊनही हा मार्ग मागे पडला. परिणाम एका ठिकाणी दिसे, दुसऱ्या ठिकाणी दिसत नसे. मुळात हा सजीव आहे की निव्वळ विकर, याचाच वाद इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक येईपर्यंत चालला. त्यानंतर प्रतिजैविके आली.

आपल्याकडे त्या काळात पुण्याच्या कृषी महाविद्यालयात एम. के. पटेल आणि त्यांचे सहकारी वनस्पतींच्या जीवाणूजन्य रोगांचा पाया घालीत होते. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचे 'स्ट्रेप्टोसायक्लिन' पुढे बागाईतदाराच्या तोंडी इतके बसले की औषध म्हणजे तेच. माणसाच्या क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन झाडावर फवारण्यात काही विसंगती आहे, हे उशिरा ध्यानात आले. जीवाणूंना मात्र ते लवकर पचू लागले.

म्हणून फाज परतले. अमेरिकेत टोमॅटो-मिरचीवरील जीवाणूजन्य ठिपक्यांसाठी फाजांचे मिश्रण २००५ साली नोंदले गेले, आणि योगायोगाने त्याच वर्षी सोलापूरला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र उभे राहिले. परतले तेव्हा जुन्या अडचणीही बरोबर होत्या. उन्हातील अतिनील किरणांत पानावरचा फाज काही तासांत निकामी होतो. म्हणून फवारा सायंकाळी घ्यायचा, त्यात दुधाची भुकटी मिसळायची, असे उपाय फ्लोरिडात काढले गेले. शिवाय प्रत्येक फाजाची आवड अतिशय ठरावीक. एका वाणाच्या जीवाणूवर चालणारा फाज त्याच्या सख्ख्या भावाकडे ढुंकूनही पाहत नाही, आणि जीवाणूही बदलत राहतो. एकच फाज वर्षानुवर्षे पुरत नाही. मिश्रण पुन्हा पुन्हा जुळवावे लागते.

मृग बहार धरणाऱ्याला तेल्या अधिक छळतो, कारण पावसाचा शिंतोडा जीवाणू पानापानांवर नेतो. तो टाळायला रोगट फांद्या छाटून, गळलेली पाने-फळे गोळा करून जाळा, हा सल्ला योग्यच आहे. पण तेल्याचा फाज शोधायला निघालेला संशोधक, शंभर वर्षांपूर्वी कुजक्या कोबीपाशी गेलेल्यांप्रमाणे, पहिल्यांदा त्याच ढिगापाशी येऊन उभा राहील. काडी लावण्यापूर्वी त्यातली मूठभर पाने मागून घ्यायला.