‘गो’चा भूतकाळ

पाचवीत बाईंनी ‘गो’चा भूतकाळ विचारला. मी फळ्यावर ‘गो’ला ‘ईडी’ जोडून मोकळा झालो. वर्गाने ते ‘गोड’ असं वाचलं आणि वर्षभर मला तेच नाव पडलं. बाईंनी काट मारून शेजारी ‘वेंट’ लिहिलं. ‘पाठ करा,’ म्हणाल्या. का, ते सांगितलं नाही. इंग्रजीची भीती बसली ती तिथून.

पुढे कळलं, ‘वेंट’ हे ‘गो’चं मूळचं रूप नाहीच. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत जाणे म्हणजे ‘गान’ आणि त्याचा भूतकाळ ‘एओदे’. तोही वेगळ्याच धातूचा! शेजारी ‘वेंड’ नावाचं दुसरं क्रियापद होतं. अर्थ वळणे, वाट धरणे. ‘सेंड’चं ‘सेंट’, तसं ‘वेंड’चं ‘वेंट’. चौदाव्या शतकात, कवी चॉसरच्या काळी, ‘एओदे’ची बदललेली रूपं आणि ‘वेंट’ दोन्ही चालत. १५००च्या सुमारास ‘वेंट’ने ‘गो’च्या घरी कायमचा मुक्काम ठोकला. ‘वेंड’ला मग स्वतःसाठी ‘वेंडेड’ असा नवा भूतकाळ करावा लागला.

स्कॉटलंडमध्ये मात्र लोक ‘गो’ला ‘गे’ म्हणत. त्याला सरळ प्रत्यय लावून त्यांनी ‘गेड’ केलं. म्हणजे मी फळ्यावर केलं, तेच.

मग अशी आडमुठी रूपं टिकतात कशी? रोजच्या वापरामुळे. मूल ती इतक्या वेळा ऐकतं की नियम लावायची वेळच येत नाही. जी रूपं कमी कानावर पडतात, ती विसरली जातात आणि नियमात बसवली जातात. ‘हेल्प’चा भूतकाळ एकेकाळी ‘होल्प’ होता, आज ‘हेल्प्ड’ आहे.

आणि आपलं मराठी? मी जातो, मी गेलो. ‘जा’ आला संस्कृतातल्या ‘या’ धातूवरून, ‘गेलो’ आलं ‘गम्’ धातूच्या ‘गत’वरून. इथेही दोन धातूंचा एकच संसार. मला हसणारा अख्खा वर्ग हे रोज बिनचूक बोलत होता आणि कुणालाही ते पाठ करावं लागलं नव्हतं.

आता माझी भाची इंग्रजी शिकते. परवा तीही ‘गोड’ म्हणाली. मी हसलो नाही. नियम तिने बरोबर ओळखलाय, हे आधी सांगितलं. मग ‘वेंट’ची गोष्ट सांगितली.