डोंगर ओळखणाऱ्या मेंढ्या

निळा कोट घातलेला पीटर रॅबिट तुम्ही पुस्तकात नाही, तर निदान सिनेमात पाहिला असेल. त्याची लेखिका बिॲट्रिक्स पॉटर लग्नानंतर जवळजवळ तीस वर्षं शेतीत आणि मेंढ्यांत रमली होती. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधले शेजारी तिला ओळखायचे ते मिसेस हीलिस म्हणून.

१९०५ मध्ये तिने हिल टॉप ही जुनी शेतवाडी घेतली. खरी परीक्षा आली १९२३ साली. ट्राउटबेक पार्क ही सुमारे दोन हजार एकरांची डोंगराळ शेती तिने विकत घेतली, तेव्हा तिथल्या मेंढ्या यकृतातल्या कृमींनी पोखरलेल्या होत्या. टॉम स्टोरी या जाणत्या मेंढपाळाला कामावर ठेवून तिने कळप पुन्हा उभा केला. मेंढ्या हर्डविक जातीच्या. या जातीची कोकरं जन्मतात काळीकुट्ट आणि वयानुसार करडी होत जातात. लोकर इतकी राठ की बाजारात तिला भाव नाही. मग हट्टाने हीच जात का?

उत्तर डोंगरात आहे. वरच्या कुरणांना कुंपण नसतं. तरी प्रत्येक शेताचा कळप आपल्याच हद्दीत चरतो. कोकरू आईमागे फिरताना हद्द शिकतं, आणि पुढे आपल्या पिलाला शिकवतं. तिकडे याला ‘हेफ्टिंग’ म्हणतात. म्हणूनच तिथे कळप अनेकदा शेतीबरोबरच राहतो. कूळ बदललं तरी मेंढ्या तिथेच, आणि जाणाऱ्याने तेवढ्याच संख्येच्या, तशाच प्रतीच्या मेंढ्या मागे ठेवायच्या. घर, गोठा, दगडी गडगे पुन्हा बांधता येतात. कळप एकदा मोडला, तर नव्या मेंढ्यांना हद्द लावायला माणसाला कित्येक महिने डोंगरावर उभं राहावं लागतं.

हीलिसबाईंना हे पुरतं कळलं होतं. २२ डिसेंबर १९४३ रोजी त्या वारल्या. चार हजारांहून जास्त एकर जमीन त्यांनी नॅशनल ट्रस्टसाठी ठेवली, आणि डोंगरी शेतांवर शुद्ध हर्डविकच राहाव्यात, अशी इच्छाही नोंदवून ठेवली. (त्याच वर्षी हर्डविक पैदासकारांच्या संघटनेने त्यांना पुढची अध्यक्ष म्हणून निवडलं होतं. पद स्वीकारायला त्या उरल्या नाहीत.)

पण एकाच मुलखाला चिकटलेली जात एकाच साथीत संपूही शकते. मला या गोष्टीतला हाच भाग अस्वस्थ करतो. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये लाळ-खुरकुताची साथ आली. हिवाळ्यासाठी सखल भागात चरायला पाठवलेल्या तरुण हर्डविक मेंढ्या मोठ्या संख्येने मारल्या गेल्या. म्हणजे उद्याच्या आयाच गेल्या. ज्या डोंगरांवर थोरल्या मेंढ्या वाचल्या, तिथे पुढच्या वसंतातल्या कोकरांना हद्द दाखवायला निदान कोणीतरी होतं.